आंदोलनातल्या तोडफोडीला शिक्षा नेमकी किती असावी?

माळावरचा (रविवार, रात्री १०:१२)

मंडळी, हा धागा काढू की नको असं आठवडाभर चाललं होतं, आज जेवण झाल्यावर काढतोच. घरचंच प्रकरण आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा पोरगा. २०१८ साली महाराष्ट्रात जे मोठे बंद झाले त्यातल्या एका बंदच्या दिवशी हा आमच्या तालुक्याच्या गावाला चौकात होता. कोणाचं आंदोलन, कुठला समाज, कुठला झेंडा ते मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की पाचव्या प्रतिसादाला धागा भलतीकडे जाणार हे आपल्याला माहितेय. तेव्हा तो १९ वर्षांचा, बारावी झालेली, भरतीसाठी पहाटे उठून पळायला जायचा. त्या दिवशी मोर्चा आला, घोषणा झाल्या, दोघं पुढारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून तासभर बोलले, तहसीलदाराला निवेदन दिलं आणि गाडीत बसून निघून गेले. अर्ध्या तासाने चौकातलं एक हॉटेल फुटलं आणि स्टँडवर उभ्या एका एसटीच्या काचा फुटल्या.

आता खरं ते लिहितो. त्याने दगड मारलाय. घरात सगळे "आमचं लेकरू तसलं नाही" करत होते, मी पण त्यात. मग वकिलाने कोणाच्या तरी मोबाईलमधला व्हिडिओ दाखवला, त्यात हा स्पष्ट दिसतो, आधी हातात झेंडा, मग झेंडा काखेत धरून दगड. एकच, पण मारलाय. कशाला लागला ते दिसत नाही.

चार दिवस कोठडी, मग जामीन, आणि तेव्हापासून तारखा. चार्जशीटमध्ये ४१ जण आहेत, त्यातले दोघं आता हयात नाहीत, एक कोरोनात गेला आणि एक मोटारसायकलवर. अजून पहिला साक्षीदार तपासलेला नाही. भाचा मधल्या काळात दोनदा पोलीस भरतीचं मैदान मारून आला आणि चारित्र्य पडताळणीला अडकला. मग एका ओळखीच्याने गल्फमध्ये ड्रायव्हरची नोकरी बघून दिली तर पासपोर्टला कोर्टाची एनओसी आणा म्हणाले, ती येईपर्यंत नोकरी गेली. सध्या दुसऱ्याची पिकअप चालवतो. सोयरीक बघायला गेलं की पाहुणे चहा पिऊन झाल्यावर हळूच विचारतात, ते केसचं काय झालं म्हणे.

ट्रॉलीवरच्या दोघांचं सांगतो. एकाचं नाव एफआयआरमध्येच नाही. दुसऱ्याचं होतं, त्याचं पुढं काय झालं कळायला मार्ग नाही, पण त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दरवर्षी त्याच चौकात लागतो.

तर मला विचारायचंय की अशा दगडाला शिक्षा किती हवी? सहा महिने? दोन वर्षं? का काहीच न ठरवता सात-आठ वर्षं टांगून ठेवणं हीच शिक्षा धरायची?

निवांत_मांजर (रात्री १०:१९)

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

पेठकर_काका (रात्री १०:५१)

धागाकर्ते, प्रामाणिकपणे लिहिलंत त्याबद्दल कौतुक, बाकी मुद्दा अजिबात पटलेला नाही. १९ वर्षांचा म्हणजे मतदार. लग्न सोडून बाकी जवळपास सगळं त्याला कायद्याने करता येतं. तो दगड काचेच्या आत बसलेल्या कंडक्टरच्या डोळ्याला लागला असता तर आपण इथे काय लिहीत होतो? कशाला लागला ते दिसत नाही हे तुम्ही बचावासाठी लिहिलंत, मला ते उलट भीतीदायक वाटतं, कारण मारणाऱ्यालाही माहीत नव्हतं कशाला लागणार आहे.

सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा आहे ना, त्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि आग लावली तर १० वर्षांपर्यंत. तो वापरत का नाहीत? आमच्याकडे बंद म्हटला की पहिल्यांदा एसटी, पीएमटी फुटते. ती काय पुढाऱ्याच्या बापाची असते का, तिच्यातून कामवाल्या बायका आणि शाळेतली मुलंच जातात. दोन-पाचशे जणांना सरळ पाच-पाच वर्षं आत घाला, पुढच्या बंदला चौकात कुत्रं फिरणार नाही.

काळा_कोट (रात्री ११:३०)

पेशाने वकील आहे, खंडपीठात आणि खाली दोन्हीकडे जातो. कागद न बघता ढोबळ सांगतो.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची म्हणजे जुनी आयपीसीच, म्हणजे भारतीय दंड संहिता, लागणार. १४३ बेकायदा जमाव, १४७ दंगा, त्याला जास्तीत जास्त २ वर्षं. ४२७ नुकसान, तिथेही २ वर्षं. पोलीस किंवा एसटीवाले मध्ये आले असतील तर ३५३, म्हणजे सरकारी माणसाच्या कामात बळजबरी, लावलं असणार आणि त्याची गंमत अशी की महाराष्ट्राने २०१८ च्या मध्यात त्याची शिक्षा २ वरून ५ वर्षांवर नेली, तेव्हा तुमचा बंद जानेवारीचा की ऑगस्टचा यावर बरंच ठरेल. शिवाय काकांनी सांगितलेला १९८४ चा कायदा. तो वापरत नाहीत असं नाही काका, सर्रास लावतात. शेवटपर्यंत नेत नाहीत एवढंच.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर १४९. जमावाचा उद्देश समान असेल तर जमावातल्या एकाने केलेला गुन्हा प्रत्येकाने केला असं धरायचं. म्हणजे भाच्याचा दगड कशाला लागला हे कायद्याला फारसं महत्त्वाचं नाही, हॉटेल फुटलं ते त्यानेही फोडलं आणि एसटी फुटली ती पण. ऐकायला भयंकर वाटतं पण हे कलम नसेल तर जमावातल्या कोणालाच कधी शिक्षा होणार नाही, कारण प्रत्येक जण म्हणणार माझा दगड काचेला लागलाच नाही. अर्थात कोर्ट डोळे झाकून ते लावत नाही. १९६४ च्या मसालती निकालापासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय की मोठ्या जमावाच्या केसमध्ये एकाच साक्षीदारावर विसंबू नका, दोन-तीन जण सुसंगतपणे ज्याचं नाव घेतात त्यालाच धरा.

एफआयआर काढून बघा, शेवटी "व इतर ३०० ते ४०० अनोळखी इसम" असं लिहिलेलं असेल. सगळा खेळ त्या "व इतर" मध्ये असतो. त्यात नंतर कोणालाही बसवता येतं आणि ज्याला बसवायचं नाही त्याला बाहेर ठेवता येतं.

माळावरचा (रात्री ११:४४)

आत्ता बघितलं वकीलसाहेब. "व इतर २०० ते २५०" आहे. भाच्याचं नाव एफआयआरमध्ये नाही, अकरा दिवसांनी आलंय.

टेम्सकाठी (सोमवार, पहाटे ३:०५)

काकांना पाच-पाच वर्षं आत घाला हे जे वाटतंय ना ते मी इथे इंग्लंडमध्ये होताना बघितलंय. २०११ च्या ऑगस्टमध्ये टॉटनहॅमला पोलिसांच्या गोळीने एक माणूस मेला आणि पुढचे चार-पाच दिवस लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर सगळीकडे जाळपोळ आणि लूट. मी तेव्हा क्रॉयडनच्या जवळ राहायचो, आमच्या इथलं जवळपास दीडशे वर्षं जुनं फर्निचरचं दुकान जळताना अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. सरकारने कोर्टं रात्रभर चालवली. रात्रभर म्हणजे खरंच रात्रभर, मॅजिस्ट्रेट पहाटे चारला बसलेले. एका २३ वर्षांच्या विद्यार्थ्याला फुटलेल्या दुकानातून साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या उचलल्याबद्दल ६ महिने. दोन पोरांनी फेसबुकवर दंगलीचं आवतण टाकलं, त्यातल्या एकाच्या ठिकाणी पोलीस सोडून कुणीही आलं नाही, तरी दोघांना ४-४ वर्षं, आणि अपिलातही ती कायम राहिली.

तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, मी पण. नंतर आकडे आले की दंगलवाल्यांना सरासरी १७ महिने पडले आणि तसल्याच गुन्ह्यांना आदल्या वर्षी सरासरी ४ महिनेसुद्धा पडत नव्हते. म्हणजे बाटलीची शिक्षा वेगळी आणि "त्या आठवड्यात" बाटली उचलल्याची वेगळी.

आणि काका, तुमचा जरब बसेल हा मुद्दा. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, खुनी कोण यावर खोट्या अफवा पसरल्या आणि परत दंगली. मशिदींवर दगड, आश्रितांना ठेवलेल्या हॉटेलांना आग लावायचा प्रयत्न. तेरा वर्षांपूर्वीच्या शिक्षा कोणाला आठवत होत्या? पण एक कबूल करतो, यावेळीही आठवड्याभरात लोक तुरुंगात गेले आणि ते थांबलं. माझ्या मते थांबलं ते वर्षं किती पडली म्हणून नाही, शेजारचा पोरगा मंगळवारी दंगलीत होता आणि पुढच्या बुधवारी आत गेला हे गल्लीने बघितलं म्हणून. हे माझं मत, पुरावा म्हणून घेऊ नका.

पेठकर_काका (सकाळी ७:१०)

टेम्सकाठी, म्हणजे तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. शिक्षा झाली आणि थांबलं.

टेम्सकाठी (सकाळी ७:२२, माझ्याकडे मध्यरात्र उलटून गेलीय तरी उत्तर देतोय, बायको झोपलीय)

काका, पटकन झाली म्हणून. तुमच्याकडे पाच वर्षांची शिक्षा आठव्या वर्षी सुनावणार, अपील, जामीन, पंधराव्या वर्षी निर्दोष. तोवर त्या चौकातली पोरं वेगळी.

निवांत_मांजर (सकाळी ९:३३)

आणि चौकाचं नाव पण.

गल्ल्यावरचा (सकाळी ११:१५)

सगळे आरोपीवर बोलून राहिले. ज्याचं फुटलं त्याचं बोलू का जरा?

चाकणला छोटा ट्रान्सपोर्ट आहे आमचा. ३० जुलै २०१८ ला काय झालं ते पेपरात सगळ्यांनी वाचलंय, एसटी आणि पीएमपीच्या बसेस जाळल्याचे फोटो आले, पोलिसांच्या गाड्या आल्या. त्या फोटोत मागे कोपऱ्यात जो अर्धा जळलेला टेम्पो होता तसले कितीतरी होते. माझ्या एका गाडीची पुढची काच, बोनेट, दोन टायर. माझा फुल इन्शुरन्स होता, दंगल त्यात धरतात म्हणून घसारा कापून का होईना पैसे आले, चार महिन्यांनी. शेजारी पंक्चरवाला होता, त्याचा कॉम्प्रेसर आणि टपरी गेली, त्याचा कसला इन्शुरन्स. थर्ड पार्टीवाल्यांना पण काही मिळालं नाही, अर्ध्या लोकांना तेव्हा कळलं की थर्ड पार्टी म्हणजे काय.

त्याला म्हणालो तक्रार दे. तो म्हणाला दादा, पंचनाम्याला दोन दिवस धंदा बुडवू, मग कोर्टात साक्षीला जाऊ, ज्यांनी फोडली ती पोरं रोज माझ्याकडेच हवा भरायला येतात. नाही दिली.

आता सांगा, त्या पोरांना २ वर्षं द्या नायतर १० द्या, पंक्चरवाल्याला त्यातून काय? तुरुंगात घालून सरकार त्यांना फुकट जेवू घालणार आणि याला कॉम्प्रेसर परत व्याजाने घ्यावा लागला. मला शिक्षेपेक्षा वसुलीत इंटरेस्ट आहे. त्यानंतर दहा दिवसांनी, ९ ऑगस्टला, वाळूज एमआयडीसीत कंपन्या फोडल्या, तिथल्या मोठ्या कंपन्यांचं काय, सरकारपर्यंत त्यांचा आवाज जातो. टपरीवाल्याचा नाही जात.

अबोली७७ (दुपारी १:४०)

गल्ल्यावरचा +१००. वसुलीचं म्हणाल तर आपल्याच हायकोर्टाने ते केलंय. घाटकोपरला २८ जुलै २००३ ला बसमध्ये स्फोट झाला, त्यावर ३० जुलैला शिवसेना-भाजपने मुंबई बंद केली. काही नागरिक कोर्टात गेले आणि २००४ मध्ये मुंबई हायकोर्टाने दोन्ही पक्षांना २०-२० लाखांचा दंड लावला. पोरांना नाही, पक्षांना. मग २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर न्या. थॉमस आणि फली नरिमन यांच्या समित्यांच्या शिफारशी घेऊन सगळं लिहूनच दिलं की मोर्चाचं चित्रीकरण करा, नुकसान ठरवायला क्लेम्स कमिशनर नेमा, आयोजकांना जबाबदार धरा. किती मोर्चांनंतर तुम्ही क्लेम्स कमिशनर हा शब्द ऐकलाय? मी या धाग्यावर स्वतःच लिहिलाय तेवढाच.

मी माहीमला वाढले. ९२-९३ च्या मुंबई दंगलीत मी शाळेत होते, आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री पुरुष आळीपाळीने गच्चीवर बसायचे. सुमारे ९०० माणसं मेली त्या दोन महिन्यांत. श्रीकृष्ण आयोगाने पाच वर्षं काम करून अहवाल दिला, नावं दिली. राजकीय माणसांपैकी शिक्षा किती जणांना लागली असं विचारलं की लोक एकच नाव सांगतात, शिवसेनेचे मधुकर सरपोतदार, २००८ मध्ये म्हणजे १५ वर्षांनी १ वर्षाची कैद आणि ५ हजार दंड, लगेच जामीन. पेठकर काका, तुम्ही एका दगडाला पाच वर्षं मागताय म्हणून हे सांगितलं.

पेठकर_काका (दुपारी २:०५)

ताई, दंगलीतले खून आणि बंदची तोडफोड यांची गल्लत नको. पण तुम्ही म्हणता ते खरंय, मोठे सुटले. म्हणून लहानांनाही सोडा हे मात्र मला पटत नाही.

अबोली७७ (दुपारी २:११)

सोडा कोण म्हणतंय. क्रम उलटा करा म्हणतेय.

संत्रानगरी (दुपारी ४:५०)

राजेहो वसुली वसुली करता पण आमच्याकडं काय झालं ते ऐका. १७ मार्च २०२५ ला नागपुरात महाल, हंसापुरीत दंगल झाली, मी तिथून दीड किलोमीटरवर रायतो, चार-पाच दिवस कर्फ्यूत दूध आणाले पण जाता येत नव्हतं. मग जाहीर झालं की नुकसान दंगलखोरांकडून वसूल करू, ठीक आहे, करा ना भाऊ. पण २४ तारखेले बुलडोझर आला आन मुख्य आरोपी म्हणून ज्याचं नाव होतं त्याचं घर पाडलं. त्याची आई हायकोर्टात गेली, नागपूर खंडपीठानं त्याच दिवशी थांबवलं पण तोवर घर पडून गेलतं. सुप्रीम कोर्टानं १३ नोव्हेंबर २०२४ लेच सांगितलं होतं की आरोपी आहे म्हणून घर पाडता येत नाही, १५ दिवसांची नोटीस द्या. चार महिनेच झालते त्याले. पुढं पालिकेनं कोर्टात माफी मागितली, म्हणे या निकालाची आम्हाले माहितीच नव्हती. आता आम्ही सिग्नल तोडून म्हणतो का साहेब आम्हाले माहीत नव्हतं?

यूपीत पण तेच. सीएए म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या आंदोलनानंतर वसुलीच्या नोटिसा काढल्या, नोटीस काढणारा अधिकारीच, सुनावणी घेणारा पण तोच, वसूल करणारा पण तोच. सुप्रीम कोर्टानं झापल्यावर २०२२ मध्ये २७४ नोटिसा मागं घ्याव्या लागल्या. तर वसुली करा पण आधी कोर्टात ठरू द्या ना कोणी काय फोडलं ते. आन घर काय एकट्या आरोपीचं असते का, त्यात त्याची म्हातारी माय रायते, पोट्टे रायतात.

गल्ल्यावरचा (संध्याकाळी ५:२०)

बुलडोझरने पंक्चरवाल्याला कॉम्प्रेसर मिळतो का? नाही मिळत. मग मला त्यात इंटरेस्ट नाही.

खाकीतला_एक (संध्याकाळी ७:०२)

निवृत्त आहे म्हणून लिहितो, सर्व्हिसला असतो तर नसतं लिहिलं.

पोरंच का सापडतात हा प्रश्न मूळ धाग्यात आहे, उत्तर सरळ आहे. बंदोबस्ताला पोलीस ठाण्याचे असतात बारा-पंधरा, बाकी होमगार्ड. समोर हजार-दीड हजार. दगड सुरू झाला की पहिलं काम डोकं वाचवणं, दुसरं काम एसटीतले प्रवासी उतरवणं. आरोपी पकडायची वेळ येते संध्याकाळी, वरून फोन सुरू झाले की "किती अटक?" तेव्हा आकडा लागतो. मग जो पळाला नाही तो, ज्याची मोटारसायकल तिथंच राहिली तो, ज्याला आमच्यातला कोणीतरी नावाने ओळखतो तो. फुटेज असेल तर नंतर बरं काम होतं, पण फुटेजमध्येही चेहरा पोरांचाच असतो, कारण पुढारी दगड पडायच्या आधी निघून गेलेला असतो. त्याला नेमकी वेळ कळते. ही कला आहे.

आणि एक गंमत सांगतो, वकीलसाहेबांनी १४९ लिहिलं ना. बंदच्या आदल्या दिवशी आम्ही पुढाऱ्यांच्या घरी जाऊन नोटीस द्यायचो, तीही १४९ चीच, सीआरपीसीची म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेची. काही विपरीत घडलं तर आपणास जबाबदार धरण्यात येईल वगैरे. पुढारी सही करून चहा पाजायचा, काही जण तर नोटिशीचा फोटो स्टेटसला ठेवायचे, वजन वाढतं म्हणून. दुसऱ्या दिवशी दंगल झाली की पोरांना १४९ लागायचं, आयपीसीचं. माझ्या नोकरीत त्या पहिल्या १४९ वरून दुसऱ्या १४९ मध्ये गेलेला पुढारी मी दोनदा बघितला. दोन्ही वेळेला तो विरोधी पक्षात होता.

धागाकर्ते, तुमच्या भाच्याच्या नावाला अकरा दिवस लागले म्हणजे फुटेजवरूनच आलंय ते. त्यात पोलिसांचं चुकलं असं मला वाटत नाही.

माळावरचा (संध्याकाळी ७:३०)

साहेब मी पण पोलिसांना दोष देत नाही. स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार.

जर्सीकर (रात्री ९:१५)

इथे अमेरिकेत याच प्रश्नाचा पार चोथा झालाय म्हणून लिहितो. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, घुसले त्यातल्या दीड हजारावर लोकांवर खटले झाले. चार वर्षं रोज त्याच बातम्या. त्यात मला जे बरं वाटलं ते म्हणजे प्रतवारी केली होती. नुसतं आत जाऊन फोटो काढून आलेल्यांना प्रोबेशन नाहीतर काही आठवडे, पोलिसांना मारलेल्यांना बरीच वर्षं, आणि सगळ्यात मोठी शिक्षा, २२ वर्षं, अशा माणसाला जो त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नव्हताच. एका संघटनेचा म्होरक्या. म्हणजे अबोली म्हणतायत तसा क्रम, ट्रॉलीवरचा आधी. आमच्या ऑफिसमधले काही म्हणायचे फार झालं, काही म्हणायचे कमी झालं, पण निदान कोणाला कशाबद्दल ते कळत होतं.

आणि मग २० जानेवारी २०२५, नवा अध्यक्ष शपथ घेतो आणि संध्याकाळी एका सहीत जवळपास सगळ्यांना माफी, १४ जणांची शिक्षा तेवढी कमी केली. ज्याने पोलिसाला मारलं तो आणि जो फोटो काढून आला तो, दोघं एकाच ओळीत. म्हणजे चार वर्षांची सगळी प्रतवारी कचऱ्यात. एका बाईने माफी नाकारली, म्हणाली मी चूक केली होती, शिक्षा भोगलीय. बाकी सगळे हिरो.

ब्राझीलमध्ये उलटं टोक. ८ जानेवारी २०२३ ला तसाच प्रकार झाला, एका हेअरड्रेसर बाईने सुप्रीम कोर्टाबाहेरच्या न्यायदेवतेच्या पुतळ्यावर लिपस्टिकने दोन शब्द लिहिले, तिला १४ वर्षं सुनावली. अर्थात फक्त लिपस्टिकबद्दल नाही, सत्तापालटाच्या कटात सामील म्हणून, म्हणजे त्यांचं १४९ च म्हणा. पण लोकांच्या लक्षात राहिली लिपस्टिक, आणि ती बाई बिचारी म्हणून तिकडच्या माफीवाल्यांचं पोस्टर झाली. जास्त शिक्षा दिली की माफी मागणाऱ्यांचं काम सोपं होतं असं मला वाटायला लागलंय.

निवांत_मांजर (रात्री ९:४०)

लिपस्टिकला १४ वर्षं. ही गोष्ट आमच्या घरी सांगत नाही.

काळा_कोट (रात्री १०:३५)

जर्सीकरांनी माफीचं काढलंच आहे तर आपल्याकडचं सांगतो, आपल्याकडे ती एका सहीत होत नाही, शासन निर्णयाने हप्त्याहप्त्याने होते. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे जीआर प्रत्येक सरकारने काढलेत, रंग कुठलाही असो. अटी साधारण त्याच, जीवितहानी नको आणि मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या वर नको. समिती शिफारस करते, मग सरकारी वकील कोर्टात अर्ज करतो, जुन्या सीआरपीसीचं ३२१, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ३६०, आणि कोर्टाने मंजुरी द्यायला लागते. आजी-माजी आमदार-खासदार असेल तर ऑगस्ट २०२१ पासून हायकोर्टाची परवानगी लागते, सुप्रीम कोर्टाने घातलेली अट आहे ती.

आता ५ लाखांची अट बघा. पंचनाम्यात हॉटेलचे किती आणि एसटीचे किती लिहिलेत त्यावर ४१ पोरांचं भविष्य. एसटी आपलं नुकसान बिलासकट व्यवस्थित लिहून देते. हॉटेलवाला रागाच्या भरात लाखभर जास्त सांगतो, किंवा भीतीने कमी सांगतो. ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड, माजलगावला आमदारांची घरं जाळली, तसली प्रकरणं या चौकटीत बसतच नाहीत, आणि बसूही नयेत, घरात माणसं असताना आग लावणं याला मी आंदोलन म्हणणार नाही. पण त्याच दिवसाच्या त्याच एफआयआरमध्ये "व इतर" मध्ये रस्त्यावर टायर जाळणारा पण असतो, तो त्यांच्याबरोबर लटकतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर काका, दोन वर्षं पुरे आहेत, पाच नकोत. पण ती पहिल्या वर्षात लागली पाहिजेत, पहिल्याच वेळचा असेल तर तुरुंगाऐवजी नुकसानीतला वाटा भरून घ्या आणि एकदा भरला, भोगलं, की पडताळणीतून नाव काढा. आणि खटले मागे घ्यायचे जीआर बंद करा. हे शेवटचं वाक्य माझ्या धंद्याच्या आणि माझ्या अशिलांच्या विरोधात आहे याची कल्पना आहे.

पेठकर_काका (रात्री ११:०२)

वकीलसाहेब, तीन वर्षं करा आणि माझी सही घ्या. जीआर बंद करण्याला मात्र दोन सह्या.

माळावरचा (रात्री ११:२०)

वकीलसाहेब, एक विचारू का. हॉटेलवाल्यांनी लिहून दिलं की माझी तक्रार नाही, तर सुटतो का तो?

काळा_कोट (रात्री ११:३८)

नुसतं लिहून दिल्याने नाही. खासगी मालमत्तेपुरतं ४२७ आपसात मिटतं, पण १४७ नाही मिटत, आणि एसटीचं तर नाहीच, ती सरकारची. खंडपीठात एफआयआर रद्द करायचा अर्ज करावा लागेल, तिथे न्यायमूर्ती बघतात की नुकसान भरून दिलंय का, गुन्हा किती गंभीर, मुलाचं पुढचं रेकॉर्ड कसं. हमखास काहीच नाही. पण भरपाईची पावती हातात असलेली बरी. आणि कृपा करून हॉटेलवाल्याकडे पाच-पन्नास माणसं घेऊन जाऊ नका, तो दबाव होईल आणि नवीन केस.

माळावरचा (पुढच्या रविवारी, रात्री ९:०८)

धागा वर काढतोय, माफी.

भाच्याला हा धागा वाचायला दिला होता. दोन दिवस काही बोलला नाही. काकांच्या पहिल्या प्रतिसादावर चिडला, मग तोच प्रतिसाद परत वाचत बसलेला दिसला. काल मला म्हणाला, मामा, चला, फक्त आपण दोघं.

हॉटेलवाले आता सत्तरीचे आहेत, हॉटेल पोरगा बघतो, ते गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. ओळखलं नाही. भाच्याने सांगितलं की मी त्या केसमधला, व्हिडिओत आहे तो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतून एक जुनी वही मागवली, लांबट, उधारीची असते तसली. त्यात त्या दिवसाच्या तारखेखाली सगळं लिहिलेलं होतं. काचेचं कपाट, फ्रीज, दोन पंखे, खुर्च्या १४, बरण्या, फरसाण-मिठाई, गल्ल्यातली रोकड. खाली बेरीज ८६,४००. म्हणाले पंचनाम्यात ६० लिहिले होते, मी भांडलो नाही.

भाचा म्हणाला माझ्याकडे एकदम होणार नाहीत, महिन्याला देईन.

म्हाताऱ्याने वही त्याच्यापुढे फिरवली, खिशातून पेन काढलं, आणि त्याला विचारलं, तुझ्या वाटचे किती धरू?

वकीलसाहेब, आम्हाला उत्तर देता आलं नाही. ८६,४०० ला ४१ ने भागायचं, का ३९ ने, का २५० ने? की ट्रॉलीवरच्या दोघांचे आधी वेगळे काढायचे? ते म्हणाले सावकाश सांग, आणि पोराला दोन चहा सांगितले. पैसे घेतले नाहीत चहाचे.